हिवाळ्याची बेगमी: नॉर्वेचं पारंपरिक जेवण समजून घ्या, मग घरी करा

नॉर्वेचं जेवण करायला घेण्याआधी एक शब्द मनात ठेवा: बेगमी. आपल्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होते. कुरडया वाळतात, सुकट आणि बोंबील डब्यात जातात. नॉर्वेच्या उत्तरेला हेच काम सात-आठ महिन्यांच्या हिवाळ्यासाठी करावं लागे, आणि मीठ विकत आणायचं म्हणून तेही जपून वापरावं लागे. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकाची सगळी हुशारी अन्न टिकवण्यात गेली. वाऱ्यावर वाळवणं, धुरी देणं, मुरवणं, आंबवणं, आटवणं हे तिथले मसाले आहेत असंच समजा.

मी गेली अकरा वर्षं उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात राहते. घरी येणारे पाहुणे इथलं जेवण एकदा चाखतात आणि ‘फिकं आहे’ म्हणून बाजूला सारतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख. यात चार पदार्थ पायरीपायरीने सांगते आहे, एक जाता जाता, आणि काही गोष्टी घरी का करू नयेत तेही. साहित्य पुण्या-मुंबईत, नागपुरात मिळेल असंच घेतलं आहे. शाकाहारी घरांनी गाह्क्कु (तव्यावरची भाकरी), लेफ्से (बटाट्याची मऊ पोळी) आणि ब्रुनोस्त (तपकिरी चीज) या तिघांपासून सुरुवात करावी.

आधी दोन चुली ओळखा

नॉर्वेचं जेवण एका चुलीवरचं नाही. किनाऱ्यावर आणि दऱ्याखोऱ्यांत शेती, गुरं आणि मासेमारी करणारे नॉर्स लोक. उत्तरेला आणि आतल्या पठारांवर तिथले मूळनिवासी सामी लोक, ज्यांचा प्रदेश साप्मी आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत वाटला गेला आहे. सामी म्हटलं की रेनडिअर आठवतो, पण सगळे सामी रेनडिअर पाळत नाहीत. समुद्रकाठचे सामी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत.

या दोन्ही चुली जुन्या काळापासून एकमेकींच्या शेजारी आहेत. सन ८९०च्या सुमाराला ओत्तार नावाचा एक नॉर्स सरदार इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला होता. त्याने सांगितलेली हकिकत तिथे लिहून ठेवली गेली. आपलं घर सगळ्या नॉर्समन लोकांत सर्वांत उत्तरेला आहे, असं तो म्हणाला. त्याच्याकडे वीस गायी, वीस मेंढ्या, वीस डुकरं होती आणि सहाशे रेनडिअर. त्यातले सहा जण आमिष म्हणून, रानटी रेनडिअर पकडायला वापरायचे, आणि अशा जनावरांना सामी लोकांत फार मोल होतं. त्याची खरी कमाई मात्र सामींकडून मिळणारा कर होती: कातडी, पिसं, जहाजांचे दोर. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीसुद्धा नॉर्स घराच्या समृद्धीत सामी कष्टांचा वाटा होता.

हा वाटा नावातून मात्र पुसला गेला. गोठवलेल्या रेनडिअरच्या मांसाचे पातळ काप काढून केलेल्या पदार्थाला नॉर्वेत कित्येक वर्षं ‘फिनबिफ’ म्हणायचे. ‘फिन’ हा सामींसाठीचा जुना नॉर्वेजियन शब्द. आता ‘रेइनस्काव’ हे नाव रुळतं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षं नॉर्वेच्या सरकारने सामींना नॉर्वेजियन बनवण्याचं धोरण राबवलं, शाळांमधून भाषा काढून घेतली. त्याचा हिशेब मांडणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०२३ साली आला आणि २०२४ साली संसदेने माफी मागितली. स्वयंपाकाच्या लेखात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण पदार्थ करताना तो कुणाचा आहे हे ताटावर बसलेल्यांना सांगणं ही मी कृतीतली पहिली पायरी मानते.

वाळवण: ज्यावर देश उभा राहिला

दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला उत्तर नॉर्वेतल्या लोफोतन बेटांकडे येतो. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. या माशाला तिथे ‘स्क्राय’ म्हणतात. डोकी काढायची, पोट साफ करायचं, दोन-दोन मासे शेपटीला बांधायचे आणि लाकडी मांडवावर टांगायचे. वर्सोव्याला किंवा उत्तनला बोंबलाच्या वलांड्या पाहिल्या असतील तर हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त मागे बर्फाचे डोंगर. मीठ अजिबात लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे मासे तसेच टांगलेले राहतात आणि नंतर काही महिने कोठारात मुरतात.

हे लोफोतनमध्येच इतकं चांगलं का जमतं? कारण तिथल्या समुद्राच्या प्रवाहामुळे त्या महिन्यांत हवा शून्य अंशाच्या आसपास राहते. जास्त थंडी पडली तर मासा गोठून त्याचे धागे फाटतात. जास्त ऊब आली तर तो नासतो, माश्या बसतात. या दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी निसर्गाने लोफोतनला दिली. मार्चमध्ये मी एकदा त्या मांडवांखाली उभी होते. वारा आला की वेगळी टांगलेली, वाळत आलेली डोकी एकमेकांवर आपटून लाकडी खुळखुळ्यासारखा आवाज होतो. वास आपल्या सुक्या बाजारापेक्षा सौम्य. शेजारच्या शेडमध्ये शाळकरी मुलं माशांच्या जिभा कापत होती. हे काम मुलांचंच असतं, आणि त्याचे पैसेही त्यांचेच.

या सुक्या माशाला ‘टोरफिस्क’ म्हणतात. त्यातलं बहुतेक सगळं पाणी गेलेलं असतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. व्हायकिंगांच्या लांबच्या सफरी अशाच शिध्यावर झाल्या. हेडेबी या व्हायकिंगांच्या व्यापारी गावात सापडलेल्या हाडांच्या डीएनएवरून तिथे उत्तर नॉर्वेकडचा कॉड पोहोचत होता हे २०१७ साली दिसून आलं. पुढे चौदाव्या शतकात नॉर्वेच्या बर्गन बंदरात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी ठाण मांडलं. ते मासा न्यायचे, धान्य आणायचे. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून लोफोतनच्या रोस्ट बेटाजवळ लागला, काही महिने तिथल्या कोळ्यांच्या घरी राहिला आणि या माशाची माहिती घेऊन परतला. इटली आजही लोफोतनच्या टोरफिस्कचं मोठं गिऱ्हाईक आहे. मीठ लावून वाळवलेला त्याचा भाऊ म्हणजे ‘क्लिपफिस्क’. पोर्तुगालचा, आणि पोर्तुगिजांमुळे गोव्यातल्या काही घरांत पोहोचलेला, बाकल्याव बऱ्याचदा नॉर्वेतूनच येतो.

युरोपात राहणाऱ्यांना टोरफिस्क मिळाला तर एवढंच: तुकडे करून थंड पाण्यात, फ्रीजमध्ये, पाच ते सात दिवस भिजवायचा. पाणी रोज बदलायचं. मग कातडं-काटे काढून मंद आचेवर बटाट्यासोबत शिजवायचा. घाईने कोमट पाण्यात भिजवला की वास सुटतो आणि पोत जातो.

घरी करू नये असं

‘लुटेफिस्क’ म्हणजे हाच सुका मासा आधी पाण्यात, मग क्षाराच्या पाण्यात आणि पुन्हा कित्येक दिवस पाण्यात ठेवून केलेला, जेलीसारखा थरथरणारा पदार्थ. पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी वापरत, आता कॉस्टिक सोडा. प्रमाण चुकलं तर तोंड-घसा भाजतो. ‘राकफिस्क’ म्हणजे ट्राउट मासा मीठ घालून काही महिने आंबवणं आणि न शिजवताच खाणं. वाल्ड्रेस खोऱ्याची ही खासियत आहे. नियंत्रित थंडी नसेल तर त्यात जीवघेणे जंतू वाढतात, आणि नॉर्वेतही गरोदर बायकांना तो खाऊ नका असं सांगतात. आपल्या हवेत हा प्रयोग नकोच. दोन्ही पदार्थ नॉर्वेत गेल्यावर जाणत्या हातचे खा.

बिदोस: सामी लग्नाचं जेवण

रेनडिअरच्या मांसाचा हा रस्सा माझा सर्वांत आवडता. माझ्या शेजारी एक सामी आजी राहायच्या, नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांताच्या आतल्या भागातल्या. लहानपणी शाळेच्या वसतिगृहात त्यांना स्वतःची भाषा बोलायला मनाई होती. स्वयंपाकघरात मात्र त्या आपल्या भाषेतच पुटपुटायच्या. बिदोस शिकायला गेले त्या दिवशी त्यांनी आधी मला हाडं दाखवली. म्हणाल्या, मांस नंतर, रस्सा हाडांचा असतो. झाकण पूर्ण लावलं नाही, लाकडी चमचा आडवा ठेवून त्यावर टेकवलं. मी मिरीची डबी काढली तर त्यांनी हलकेच माझा हात धरून ती परत ठेवायला लावली.

रेनडिअर भारतात मिळत नाही, आणि हरणाचं मांस शोधायला जाऊ नका, तो आपल्याकडे गुन्हा आहे. बोकडाच्या मांडीचं कमी चरबीचं मटण घ्या. रानाची चव येणार नाही, पण पदार्थाची रीत नक्की कळेल. सहा जणांसाठी: मटण एक किलो, वर दोन-तीन नळ्या, बटाटे पाऊण किलो, गाजरं तीन-चार (केशरी), एक कांदा, दोन मोठे चमचे लोणी, मीठ.

पहिली पायरी, रस्सा. नळ्या दोन लिटर गार पाण्यात घालून पातेलं चुलीवर चढवा. उकळी यायच्या बेताला वर राखाडी फेस येईल तो झाऱ्याने काढा. आच इतकी कमी करा की एखाद-दुसरा बुडबुडाच येईल. दीड तास तसंच. कुकर लावू नका, शिट्टीच्या जोराने रस्सा गढूळ होतो.

दुसरी, मांस. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, पाणी पुसून कोरडे करा. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी गरम करून तुकडे थोडे-थोडे टाका. एकदम टाकले तर पाणी सुटून ते वाफेवर शिजतात, रंग धरत नाहीत. हलका तपकिरी रंग आला की कांदा घाला, तो मऊ होऊ द्या.

तिसरी. गाळलेला रस्सा मांस बुडेल इतका ओता, नळ्याही आत ठेवा. मीठ थोडं आत्ता, उरलेलं शेवटी. झाकण अर्धवट. तास-सव्वा तास मंद आच.

चौथी. गाजराच्या चकत्या टाका, दहा मिनिटांनी बटाट्याच्या फोडी. पुढची वीस-पंचवीस मिनिटं ढवळणं कमीत कमी. शेवटी चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा, त्यानेच रस्सा दाट होतो. पीठ लावायचं नाही. आच बंद करून अर्धा तास विसावू द्या. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो.

वाढताना नळी पाहुण्याच्या वाडग्यात द्या. आतला मगज ओढून खाणं हा सन्मान समजतात. सामी घरात जनावर कापलं की जीभ, कलेजी, रक्त, नळ्या, कातडी, शिरा सगळ्याचा उपयोग ठरलेला असतो. बटाटा मात्र या पातेल्यात उशिरा आला. नॉर्वेत तो अठराव्या शतकात पसरला, आणि त्याच्या प्रसाराला खेड्यांतल्या पाद्र्यांनी इतका हातभार लावला की त्यांना ‘बटाटा पाद्री’ असं नावच पडलं.

गाह्क्कु: तव्यावरची सामी भाकरी

बिदोसबरोबर हवाच. पूर्वी ती शेकोटीजवळच्या तापलेल्या दगडावर भाजत, आता तव्यावर. उत्तरेत गहू पिकत नाही. पीठ आलं ते व्यापारातून, विशेषतः रशियन पोमोर व्यापाऱ्यांकडून. अठराव्या शतकापासून १९१७च्या क्रांतीपर्यंत ते पीठ द्यायचे आणि मासे न्यायचे.

अर्धा किलो मैदा (निम्मी कणीक चालेल), सात ग्रॅम कोरडं यीस्ट, ३०० मिलिलिटर कोमट दूध-पाणी, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, एक चमचा मीठ, एक चमचा कुटलेली बडीशेप आणि दोन-तीन मोठे चमचे काकवी. नॉर्वेत गडद सिरप घालतात, त्याला आपली काकवी चोख पर्याय आहे. बडीशेप मात्र माझी भर नव्हे, ती तिथेही घालतात.

सगळं मळून मऊ गोळा करा, हाताला किंचित चिकटला तरी पीठ वाढवू नका. झाकून तासभर फुगू द्या. आठ-दहा गोळे करा, बोटाच्या जाडीपेक्षा थोड्या पातळ, पंजाएवढ्या भाकऱ्या थापा. काट्याने टोचा, नाहीतर पुरीसारख्या फुगून आत कच्च्या राहतात. तवा तेल न लावता मध्यमपेक्षा कमी आचेवर. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. भाजल्यावर कापडात गुंडाळा. लोणी लावून गरम खा.

लेफ्से: पोळी करणाऱ्या हातांना लगेच जमणारी

नॉर्वेजियन शेतघरांत ‘स्ताबुर’ नावाचं, दगडांवर उचलून बांधलेलं लाकडी कोठार असतं. उंदीर चढू नयेत म्हणून ते जमिनीपासून वर. त्यात जव आणि ओटच्या पातळ कडक ‘फ्लातब्रोद’ भाकऱ्यांच्या चवडी रचलेल्या असत, आणि कोरड्या राहिल्या तर त्या वर्षं-दोन वर्षंही टिकत. लेफ्से ही तिची मऊ बहीण.

अर्धा किलो जुने, कमी पाणीदार बटाटे सालीसकट उकडा. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा, गुठळी राहता कामा नये. त्यात ३० ग्रॅम लोणी, तीन मोठे चमचे क्रीम, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर. आता थांबा. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये जाऊ द्या. सगळी मेख इथे आहे: गरम बटाटा पीठ पितच राहतो आणि लेफ्से चिवट होते.

दुसऱ्या दिवशी लाटण्याच्या अगदी आधी १२५ ते १५० ग्रॅम मैदा मिसळा, हलक्या हाताने, जास्त मळू नका. लिंबाएवढा गोळा, भरपूर पिठीवर, पुरणपोळी लाटतो तसं न दाबता लाटा. नॉर्वेत खाचांचं लाटणं आणि उलटायला लांब चपटी काठी असते. आपण लाटण्यावर गुंडाळून तव्यावर टाकली तरी चालते. तवा चांगला तापलेला, कोरडा. प्रत्येक बाजूला मिनिटभर, तपकिरी ठिपके पडेपर्यंत. कापडाच्या दोन घड्यांमध्ये एकावर एक ठेवा म्हणजे वाफेने मऊ राहतील. लोणी, साखर, दालचिनीची पूड पसरा आणि गुंडाळी करा.

फोरिकोल, जाता जाता

नावाचा अर्थच ‘कोबीतली मेंढी’. १९७२ साली रेडिओवरच्या एका कार्यक्रमाने याला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं, २०१४ साली पुन्हा कौल घेतला तेव्हाही हाच निवडून आला. सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार याचा दिवस. मटणवाल्याकडे मेंढीचं, सीना आणि गर्दनीचं, हाडासकट दीड किलो मागा. तितकाच कोबी, दांड्यासकट मोठ्या फोडी. पातेल्यात चरबीची बाजू खाली ठेवून मटणाचा थर, मग कोबी, मीठ, अख्खी काळी मिरी, पुन्हा थर. एकूण चार छोटे चमचे मिरी, दोन मीठ, ३०० मिलिलिटर पाणी. उकळी आली की झाकून अडीच तास मंद आच. हलवू नका. उकडलेल्या बटाट्यांबरोबर, ताटंसुद्धा गरम करून वाढा, कारण मेंढीची चरबी पटकन थिजते.

ब्रुनोस्त: आटवलेल्या निवळीचं तपकिरी चीज

चीज करताना उरणारं पाणी, म्हणजे निवळी, आटवून केलेला हा पदार्थ चवीला आपल्या कंदी पेढ्याच्या जवळ जातो, फक्त मागे किंचित खारट-आंबट. गुद्ब्रान्सदाल खोऱ्यातल्या उन्हाळी कुरणावर १८६३ साली आन होव या तरुण गवळणीने निवळीत साय घालून आटवून पाहिली. अडचणीत आलेल्या त्या खोऱ्याला या चीजने हात दिला, आणि १९३३ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, तिला राजाचं पदक मिळालं.

चार लिटर दुधाचं पनीर करा. लिंबू किंवा व्हिनेगर अगदी बेताने, दूध फुटण्यापुरतंच. जास्त आंबट निवळीचं ब्रुनोस्त आंबट होतं. साधारण तीन लिटर निवळी मिळेल, ती मलमलीतून गाळा. रुंद, जाड कढईत मोठ्या आचेवर उकळायला ठेवा आणि फेस बाजूला काढून ठेवा, फेकू नका. दीड-दोन तासांत ती पाचव्या हिश्शावर येईल. आता फेस परत घाला, २५० मिलिलिटर क्रीम घाला, आच कमी करा.

इथून पुढे कढई सोडायची नाही. आधी बासुंदीसारखं दिसेल, मग दुधातली साखर रंग धरायला लागेल, घरात खव्याचा वास भरेल. उलथण्याने तळ खरवडत राहा. कडा सुटू लागल्या आणि उलथणं फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला की उतरवा. कढई थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि गार होईपर्यंत जोरात घोटा. हे टाळलं तर साखरेचे कण धरतात आणि चीज रवाळ होतं. लोणी लावलेल्या डब्यात दाबून भरा, रात्रभर फ्रीजमध्ये.

कापायचं मात्र पातळ. नॉर्वेत त्यासाठी खास चीज-पाती वापरतात, लिलेहामरच्या थोर ब्योर्कलुंड या सुताराने १९२५ साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे बटाट्याचे काप काढायची किसणी गार करून वापरा. असा एक काप गरम लेफ्सेवर ठेवला की कडांना वितळायला लागतो. तेवढ्यात खायचा. डबा नीट झाकला तर उरलेलं दोन आठवडे टिकतं.